खिडकी डाव्या हाताला

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. इस्त्रीच्या दुकानात उभं राहून जन्म गेला. माणूस कपडे टाकायला येतो, दोन गोष्टी सांगून जातो. पुढचा येतो, त्याला मी त्या सांगते. वाईट हेतू काही नसतो. हात चालू असला की तोंडही चालू राहतं, एवढंच. अशा बाईला गप्प बसायला सांगायचं, तेही तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच सुनेसमोर, म्हणजे शिक्षाच की. ती मी भोगली, आणि मध्ये एक मोठा घोळही घालून ठेवला.

आधी सुनेचं सांगते. ती सरकारी दवाखान्यात नर्स आहे. सगळा वॉर्ड तिला सिस्टर म्हणतो, म्हणून मीही गमतीनं सिस्टर म्हणायला लागले आणि तेच चिकटलं. ती त्या लोकांतली. आमच्या शहरात एवढं म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. तिच्या पणज्याला बोटीत घालून इथं गोदीत राबायला आणलं होतं. त्याला पिढ्या लोटल्या. तिची भाषा आमचीच, शिव्याही आमच्याच, पण रंग पणज्याचा काळाभोर आणि केस पणजीचे, दाट, कुरळे, कंगव्याचे दात पाडणारे. मुलानं तिला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा माझ्या बहिणीनं नाक मुरडलं. मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचा रंग आम्ही चालवून घेतला ना? तो तर पिऊन पिऊन लाल झालाय." बहीण त्यानंतर बरेच दिवस आली नाही. घरात शांतता होती.

आम्ही तिघं राहतो दुकानाच्या वर, दीड खोलीत. खालून दिवसभर वाफ येते आणि वाफेबरोबर ड्रायक्लीनच्या औषधाचा वास. मला तो वास आता येतही नाही. पण सिस्टरला दिवस गेले आणि तिला तो सोसेना. जिना चढून आली की उंबऱ्यात बसून राहायची, तोंडाला पदर लावून. तिच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं, की हा वास बाळाला चांगला नाही, बाळंतपणाआधी जागा बदल. सातवा महिना लागला होता. म्हणजे घर हवं होतं आणि लवकर हवं होतं.

घर शोधायला सुरुवात झाली. मुलगा बस चालवतो, पगार बेताचा पण पक्का. तो फोनवर बोलला की घर असायचं. "या की, बघून जा." दोघं मिळून गेली की घर गेलेलं असायचं. कुणाचा पुतण्या अचानक परगावाहून येणार असायचा, कुणाला रंगकाम काढायचं असायचं, कुणाला घर विकूनच टाकायचं असायचं. पुतण्यांची एवढी आवक शहरात कधी झाली नसेल. मुलगा घरी आला की न बोलता बूट काढायचा. सिस्टर थेट मोरीत जाऊन तोंड धुवायची. पुष्कळ वेळ धुवायची. मी खाली इस्त्री आपटायचे. दुसरं काय आपटणार?

सिस्टरचा मामा न्हावी आहे. त्याचं दुकान आमच्या पलीकडच्या रस्त्याला. सुट्टीच्या दिवशी त्याचं शटर अर्धं खाली असतं आणि आत त्यांची समिती भरते. गिऱ्हाइकांच्या गोल फिरणाऱ्या खुर्च्यांवर बसून शहराचा अन्याय निवारायचा, म्हणून आमच्या गल्लीनं त्यांना खुर्चीवाले असं नाव पाडलं होतं. मीही हसायचे. पण त्यांच्या कापडी फलकांना इस्त्री मीच करून द्यायचे, फुकट. 'भाडं सारखं, मग माणूस का नाही?' हा त्यांचा मोठा फलक. रंगानं लिहिलेल्या कापडाला उलट्या बाजूनं इस्त्री करावी लागते, नाहीतर अक्षरं इस्त्रीला चिकटतात. त्यामुळे मी तो कायम उलटाच वाचला.

समितीच्या प्रमुख म्हणजे एक निवृत्त मास्तरीणबाई. बारीक अंगकाठी, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी एक पद्धत बसवली होती. तिला त्या 'जोडी' म्हणायच्या. भाड्याच्या घराची पाटी दिसली की आधी त्यांच्यातलं एक माणूस जाऊन घर मागणार. ते गेलेलं निघालं, की लगेच मागोमाग आमच्यातलं एक माणूस जाणार. पगार तेवढाच, कुटुंब तेवढंच, प्रश्नही तेच. मग दोघांनी समितीसमोर बसून आपापली भेट तोंडानं सांगायची, एकमेकांच्या समोर, आणि ती लिहून घेऊन भाड्याच्या तक्रारी बघणाऱ्या कचेरीत दाखल करायची. "नुसतं रडलं तर कचेरी म्हणते, तुमचा गैरसमज झाला असेल," मास्तरीणबाई म्हणायच्या. "दोन भेटी शेजारी ठेवल्या की गैरसमज पळून जातो."

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी फलक पोचवायला न्हाव्याच्या दुकानात गेले होते आणि परत निघणार तोच सिस्टर आत आली. घाम आलेला. बागेमागच्या रस्त्यावर एका दुमजली घराला पाटी होती, वरचा मजला भाड्यानं देणे आहे. ती विचारून आली होती. मालकीणबाई म्हणाल्या, गेलं. पाटी मात्र लटकतच होती. मास्तरीणबाईंनी इकडेतिकडे बघितलं. जोडीला नेहमी जाणारी कारकून मुलगी घाबरून आठवड्यापूर्वीच गळाली होती. मग त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"घरातलीच जोडी मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्यापर्यंत ती पाटी उतरवतील. तुम्ही जाल का?"

"मी? मला कुठं नाटक जमतंय?"

"नाटक करायचंच नाही. खोटं एक अक्षर बोलायचं नाही. विचारलं तर सांगायचं, न विचारलेलं सांगायचं नाही. तिथं काही घ्यायचं नाही, काही द्यायचं नाही. आणि दोघी समितीसमोर सांगून मोकळ्या होईपर्यंत एकमेकींशी यावर चकार शब्द काढायचा नाही. तुमची भेट हिच्या कानावर गेली, की हिची भेट बिघडली."

सिस्टरला हसू फुटलं. "बाई, इतर सगळं जमेल हो. शेवटचं काही खरं नाही."

तिथंच माझा अहंकार दुखावला आणि मी हो म्हणून बसले.

मालकीणबाई माझ्याच वयाच्या निघाल्या. त्यांनी दाराच्या फटीतून बघितलं, साखळी खळकन काढली आणि दार सताड उघडलं. "या ना. घरासाठी ना?" मी म्हटलं हो. मी, मुलगा आणि सून. सुनेला सातवा महिना. मुलगा बसवर आहे. यातलं सगळं खरं होतं. त्या मला वर घेऊन गेल्या.

आता काय सांगू! मी मनात ठरवून गेले होते, की ही बाई दुष्ट असणार, दात विचकणार. तसं काही नव्हतं. चांगली बोलकी बाई. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी लांब. माझे हात बघून म्हणाल्या, "इस्त्रीचं काम का? माझे पडदे धुतल्यावर नीट बसतच नाहीत हो." मी म्हटलं, ओलसर असतानाच फिरवा. झालं, आमची गाडी सुरू. त्यांनी चहा ठेवला. मला काही घ्यायचं नव्हतं, म्हणून मी घशाचं कारण सांगितलं, म्हणजे ते एक खोटं झालंच.

घर मात्र असं होतं, की माझा जीव त्यात अडकला. दोन मोठ्या खोल्या, कोरड्या, कुठं ओल नाही. मागं स्वयंपाकघर, त्याला मोठी खिडकी, खिडकीतून खालचं अंगण आणि अंगणातून वर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येणारा एक लोखंडी जिना. खिडकी उघडली आणि नुसती हवा आत आली, वास नसलेली. मी तिथं उभी राहून श्वास घेत राहिले. मालकीणबाईंना वाटलं मला दम लागला.

"तुमच्यासारखं कुटुंब मिळालं की निश्चिंती," त्या म्हणाल्या. "सकाळीच त्यांच्यातली एक येऊन गेली. पोटुशी होती बिचारी. मी सांगितलं गेलं म्हणून. माझं काही नाही हो, माझ्या मनात तसलं काही नाही. पण शेजारपाजार असतो. आपल्याला राहायचं असतं ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंड उघडलं होतं मी. पण मास्तरीणबाईंचा आवाज कानात होता. मी खिडकीची कडी लावली, काढली, परत लावली.

"सून कशी आहे तुमची?" त्यांनी विचारलं. "हल्लीच्या मुली म्हणजे…"

"लाखात एक," मी म्हटलं. हे तरी मनापासून म्हणता आलं.

जिना उतरताना त्यांनी माझ्या मुठीत किल्ली ठेवली. "तुम्हाला पडद्यांची मापं घ्यायची असतील. ठेवा तुमच्याकडे. पैशांचं नंतर बघू. तुम्ही आपल्या आहात, मी आता दुसऱ्या कुणाला दाखवत नाही." मी नको म्हणायला हवं होतं. पण मूठ मिटली. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी दारावरची पाटी उतरवली.

घोळ म्हटला तो हा.

त्या संध्याकाळी सिस्टर भाजी चिरत होती आणि मी भांडी लावत होते. किल्ली माझ्या बटणांच्या डब्यात. दोघींच्या मध्ये हातभर अंतर आणि दोघींच्या तोंडाला कुलूप. एरवी त्या वेळेला आमच्या गप्पांनी खालची माणसं वैतागतात. मी हवेचं बोलले, साबणाचं बोलले, मग विषय संपले. तिनं एकदा विळीवरचा हात थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. तिला एकच गोष्ट विचारायची होती, मला कळत होतं. तिनं ती गिळली आणि कांदा घेतला. कांद्याची सोय बरी असते, डोळे पुसता येतात.

मुलाला मात्र मी सांगितलं. तो काही जोडीत नव्हता! ती मामाकडे गेली होती, तो दुकानात बूट पुसत बसला होता. मी किल्ली त्याच्यासमोर धरली. घराचं सगळं वर्णन केलं. त्यानं किल्ली हातात घेऊन उलटसुलट केली.

"घेऊन टाक, आई," तो म्हणाला. "तुझ्या नावावर घे. एकदा सामान आत गेलं की कोण बाहेर काढतंय?"

"आणि समिती?"

"समितीला दुसरं घर मिळेल. अशी घरं काय कमी आहेत?" मग त्यानं बूट खाली ठेवला. "तिला रोज दारात बसलेली बघतो मी. माझ्यानं आता बघवत नाही."

त्याचं काय चुकलं? मलाही तेच वाटत होतं. उलट मी त्याच्यापुढं दोन पावलं होते. मनात सामान लावून झालं होतं. कचेरीत तक्रार जायची, तिथून उत्तर यायचं, तोवर नातवंड चालायला लागलं असतं. आणि इथं किल्ली हातात होती.

म्हणून दुपारी दुकान बंद करून मी मापं घ्यायला गेले. मालकीणबाई झोपल्या असाव्यात, खाली सामसूम होती. मी वर गेले, फीत काढली. खिडकीचं माप घेतलं. पलंग कुठं, पाळणा कुठं, सगळं ठरवलं. मग सुनेला इथं आणायचं कसं, ते ठरवायला लागले. पहिल्या दिवशी मी आणि मुलगा येऊ, सामान लावू. सिस्टरनं अंधार पडल्यावर यावं. आणि पहिले काही दिवस, मालकीणबाईंना सवय होईपर्यंत, तिनं आपलं मागच्या लोखंडी जिन्यानं ये-जा करावी. ओझं नाही उचलायचं, हळू चढायचं. खिडकीशी फार उभं राहू नये. बाळ झाल्यावर बघू. बाळाला टोपरं असतंच.

फीत माझ्या हातात तशीच राहिली.

हे सगळं कोण ठरवत होतं? मालकीणबाई तर खाली झोपल्या होत्या. शेजारपाजारानं मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. माझ्या सुनेला मागच्या जिन्यानं चढवणारी, अंधारात आणणारी, न जन्मलेल्या नातवंडाचं तोंड टोपऱ्यात झाकणारी बाई मीच होते, आणि हे मी मायेनं करत होते. मला इतकी लाज वाटली, की मी त्या रिकाम्या खोलीत फरशीवर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले. मग तोंड पुसून, दार ओढून घेऊन, घरी आले. मापं घेतलेला कागद वाटेत फाडला.

सुट्टीच्या दिवशी न्हाव्याचं शटर अर्धं खाली आलं. मास्तरीणबाई मधल्या खुर्चीत. लिहून घ्यायला स्वतः मामा; त्याचं अक्षर त्याच्या वस्तऱ्यासारखं स्वच्छ. मुलगा दारापाशी उभा, रजा काढून आलेला. मी त्याच्याशी सकाळपासून बोलले नव्हते. काय सांगणार, मलाच कळत नव्हतं.

आधी सिस्टर. तिनं वॉर्डात पेशंटची हकीकत सांगावी तसं सांगितलं, आवाज न चढवता. घंटी वाजवली. दार साखळीएवढं उघडलं. बाईंनी आधी विचारलं, दवाखान्यातून आलात का, कारण अंगावर नर्सचे कपडे होते. घरासाठी आले म्हटल्यावर बाई म्हणाल्या, गेलं. केव्हा गेलं? आत्ताच. पाटी? काढायची राहिली. तिनं विचारलं, जरा बसू का पायरीवर, दम लागलाय. त्या म्हणाल्या, बसा, आणि दार लावून घेतलं.

"मी बसले थोडी," सिस्टर म्हणाली. "मग पुन्हा घंटी वाजवली. म्हटलं, घर गेलं ते कळलं. पण एवढंच सांगा, स्वयंपाकघराला खिडकी आहे का? त्या म्हणाल्या, ते तुम्हाला कशाला? मग मी निघाले."

मामाची लेखणी थांबली. "हे पण लिहू?"

"लिही," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे फिरवली.

मी उठले आणि आधी किल्ली आरशाखालच्या फळीवर ठेवली, कात्र्यांच्या शेजारी. सिस्टरला किल्लीचं कळायला क्षण लागला. मग तिनं मुलाकडे बघितलं, आणि तो शटरकडे बघायला लागला. तेवढ्यावरून तिला बाकीचं कळलं.

"काही घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता, आणि तो जास्त लागला. "समोरचा वकील काय म्हणेल माहीत आहे? या बाईला घर हवं होतं, ते घेण्यासाठी हिनं सगळं रचलं. भेटीला काही अर्थ उरत नाही मग."

"घर हवंच आहे," मी म्हटलं. "खोटं कशाला बोलू? मला ते इतकं हवंय, की मी माझ्या सुनेला चोरासारखं मागच्या जिन्यानं वर न्यायला निघाले होते. मनात नेलंही. पण आता मला ते तसं नको. किल्ली आजच परत करते. ती घेतली, का घेतली, सगळं लिहा. वकील ओरडायचा तर ओरडू दे. मी काय कमी ओरडते?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "किल्ली आज परत गेली आणि तुम्ही हे असंच कचेरीतही सांगितलंत, तर टिकेल. कदाचित." मग त्यांनी किल्लीकडे बोट केलं. "पण मग ते घर तुमचं राहणार नाही, हे लक्षात घ्या. तक्रारीचा निकाल लागायला वेळ लागेल. लागला तरी आपल्या बाजूनंच लागेल असं नाही."

मी सुनेकडे बघितलं. तिचा हात पोटावर होता. खरं तर हे तिचं घर होतं, तिचं बाळ होतं, आणि इतके दिवस तिला सोडून आम्ही सगळ्यांनी त्यावर विचार केला होता.

"काय ते तू सांग," मी म्हटलं.

"तुम्ही आधी भेट पुरी करा, आई," ती म्हणाली.

मी सांगायला लागले. साखळी कशी काढली, वर कसं नेलं, पडद्यांचं बोलणं, चहा. 'त्यांच्यातली एक येऊन गेली, पोटुशी होती बिचारी.' हे सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितलं. मग खोल्या. पहिली खोली, दुसरी खोली, कोरड्या भिंती. स्वयंपाकघरापाशी आले आणि थांबले. समोर ती बसली होती, जिला तिथल्या पायरीवर दम खात बसावं लागलं होतं. तिला त्या घराची शोभा मी कोणत्या तोंडानं सांगायची?

"थांबू नका," सिस्टर म्हणाली. "खिडकी आहे?"

"आहे."

"कुठं?"

"ओट्यासमोर. मोठी आहे. मागच्या अंगणावर उघडते. हवा येते गं. नुसती स्वच्छ हवा."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते, आणि या वेळी हातात कांदा नव्हता. दारापासून मुलगा पुढं आला आणि तिच्या खुर्चीमागं उभा राहिला. "माझं चुकलं," तो म्हणाला. त्यानं खांद्यावर ठेवलेला हात तिनं राहू दिला.

"मला त्या घरात राहायचंय," ती म्हणाली. "पण घंटी वाजवून. किल्ली द्यायला मी तुमच्याबरोबर येते."

आम्ही दोघी गेलो. खाली मालकीणबाईंच्या दाराला कडी होती. वरून बादलीचा आवाज येत होता. समोरच्या जिन्यानं आम्ही चढलो, सावकाश, प्रत्येक वळणावर थांबत. वरचं दार सताड उघडं होतं. मालकीणबाई पदर खोचून, गुडघ्यावर बसून, आमच्यासाठी फरशी पुसत होत्या.

"आलात? बरं झालं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "म्हटलं, सून पोटुशी आहे, तिला कशाला पुसायला लावायचं…" मग त्यांनी वर बघितलं.

"ही माझी सून," मी म्हटलं.

त्यांच्या हातातलं फडकं ठिबकत राहिलं. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मला वाटलं होतं, या क्षणी मला फार बरं वाटेल, मी चार शब्द सुनावीन. तसं काही झालं नाही. ती बाई गुडघ्यांवर बसलेली होती आणि फरशी खरोखरच लख्ख झाली होती.

"तुम्ही मला फसवलंत," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला आपली समजले."

"मी तुम्हाला खोटं सांगितलं ते फक्त घशाचं," मी म्हटलं. "लाखात एक म्हटलं होतं, ती ही. किल्ली घ्या. मला हे घर नको. हिनं माझ्याआधी विचारलं होतं. आणि आमची तक्रार जाणार आहे कचेरीत, तेही सांगायला आलो. मागून कळायला नको."

सिस्टर पुढं झाली नाही, मागंही सरकली नाही. उंबऱ्याबाहेर ताठ उभी होती. "मी अजूनही विचारतेय," ती म्हणाली. "घर रिकामं आहे, तर ते मला हवंय. तुमचं उत्तर ठरलं की कळवा. मामांच्या दुकानाचा नंबर देऊ का?"

मालकीणबाई उठल्या नाहीत. किल्ली मी दाराजवळच्या कोनाड्यात ठेवली. फडकं पिळत त्या एवढंच म्हणाल्या, "फरशी ओली आहे. पाय घसरेल. जपून उतरा." कुणाला म्हणाल्या, ते त्यांनाही कळलं नसावं.

जिना उतरताना मी एक अक्षर बोलले नाही. बोलायची परवानगी आता होती, पण सुचत नव्हतं. नातवंडासाठी हातात आलेलं घर मी कोनाड्यात ठेवून आले होते, आणि समोर आमची तीच दीड खोली होती, तोच वास. फाटकापाशी सिस्टर थांबली. दम लागला असेल म्हणून मी तिचा दंड धरला. ती मागं वळून वरच्या मजल्याकडे बघत होती.

"आई, तुम्ही चुकीचं सांगितलंत."

"काय?"

"खिडकी ओट्यासमोर नाहीये. डाव्या हाताला आहे. दारातून सरळ दिसली मला." तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तो नीट खांद्यावर घेतला. "उद्या मास्तरीणबाईंकडे जाऊन दुरुस्त करून या. वकिलानं विचारलं, तर दोघींचं सारखं यायला हवं. आता दोघींनी बघितलीय."